सेंच्युरी मारून निवृत्त

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चंच आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्याव्यात. पण विजय मर्चंट हे नाव मी आजोबांकडून मराठीत ऐकलं, म्हणून लिहायचं तेही मराठीतच.

निमित्त माझ्या खांद्याचं. गेल्या वर्षी मॅचमध्ये डाइव्ह मारताना उजवा खांदा निखळला. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी फास्ट बॉलिंग विसरायला सांगितलं. वीस वर्षांचा रिटायर्ड प्लेअर! हॉस्टेलवर किटबॅग पलंगाखाली ढकलली आणि महिनाभर ग्राउंडकडे फिरकलो नाही. तेव्हा आजोबांनी फोनवर ही गोष्ट सांगितली.

मर्चंट यांचा जन्म 1911 चा, मुंबईतल्या गिरणीमालक ठाकरसी कुटुंबातला. शाळेत हेडमास्तरांनी वडिलांचा व्यवसाय विचारला आणि उत्तरालाच आडनाव समजून लिहून टाकलं, असं सांगतात. तेच आयुष्यभर चिकटलं. सिडनहॅम कॉलेजच्या टीममधून ते पुढे आले आणि 1933 मध्ये भारतातल्या पहिल्यावहिल्या टेस्टमध्ये खेळले.

1936 मध्ये मँचेस्टरला त्यांनी मुश्ताक अलींबरोबर 203 ची सलामी दिली. दोघांचीही सेंच्युरी. पुढची दहा वर्षं भारताला एकही टेस्ट मिळाली नाही, मध्ये महायुद्ध आलं. ऐन उमेदीची वर्षं अशी गेली. पण हा माणूस इथे रन्स करतच राहिला. 1943-44 च्या मोसमात रणजीमध्ये महाराष्ट्राविरुद्ध नाबाद 359! 1946 च्या इंग्लंड दौऱ्यात 2385 रन्स. पुढे ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीजविरुद्धच्या सिरीज तब्येतीमुळे हुकल्या. अठरा वर्षांत टेस्ट फक्त दहा. तरी फर्स्ट क्लासचं ॲव्हरेज 71.64. दहा हजारांवर रन्स करणाऱ्यांत त्यांच्या पुढे एकटा ब्रॅडमन!

नोव्हेंबर 1951, दिल्ली. पाच वर्षांनी टेस्ट खेळायला उतरलेले मर्चंट चाळिशी ओलांडलेले होते. त्यांनी इंग्लंडविरुद्ध 154 ठोकले, त्यांचा टेस्टमधला सर्वांत मोठा स्कोअर. आणि त्याच मॅचमध्ये फिल्डिंग करताना खांदा दुखावला. संपलं! ती शेवटची टेस्ट ठरली. त्याच सिरीजमध्ये, फेब्रुवारी 1952 ला मद्रासमध्ये, भारताने आयुष्यातली पहिली टेस्ट जिंकली. त्या टीममध्ये मर्चंट नव्हते. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त लागली. एवढी वर्षं वाट बघायची आणि जिंकायच्या वेळी आपण बाहेर!

पण ते रुसून बसले नाहीत. गिरणीचा कारभार बघितला, अंध आणि अपंग लोकांना काम मिळावं म्हणून झटले. विविध भारतीवर दर रविवारी क्रिकेटवर बोलायचे, आजोबा तेव्हा रेडिओला कान लावून बसायचे. पुढे ते निवड समितीचे अध्यक्ष झाले आणि 1971 मध्ये त्यांच्या निर्णायक मतामुळे पतौडींच्या जागी अजित वाडेकर कॅप्टन झाले. तेव्हा खूप टीका झाली. पण त्याच वर्षी आपण वेस्ट इंडीजमध्ये आणि इंग्लंडमध्येही सिरीज जिंकलो. मैदानात उतरून जे हातून झालं नाही, त्यात बाहेर बसून त्यांचा वाटा होताच की! 27 ऑक्टोबर 1987 ला ते गेले.

मी काही मर्चंट नाही, आपली धाव इंटर-कॉलेजपर्यंतच. पण त्या फोननंतर मी किटबॅग बाहेर काढली आणि ती फर्स्ट इयरच्या एका बॉलरला देऊन टाकली. पोराकडे स्वतःचे स्पाइक्सही नव्हते. आता मी संध्याकाळी नेट्सजवळ उभा राहून त्याचा रन-अप बघतो. तो नो-बॉल टाकतो तेव्हा ओरडतो. तो विकेट घेतो तेव्हा पोटात थोडं दुखतं, खोटं कशाला बोलू? पण टाळी मात्र माझीच पहिली असते.