चंद्रशेखर व्यंकट रामन
छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतील रस्त्यावर रात्री एखादे वाहन पादचाऱ्यास ठोकरून पसार झाले, तर मागे काय उरते? पुष्कळदा त्याच्या वस्त्रास चिकटलेली, तिळाएवढी रंगाची खपली. तिच्यावरून वाहनाचा माग काढण्यास ज्यांचा शोध आज उपयोगी पडतो, ते रामन ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे जन्मले.

१९०७ साली ते सरकारी अर्थखात्यात अधिकारी झाले. कलकत्ता, रंगून, नागपूर अशा बदल्या होत. कचेरीबाहेरचा वेळ मात्र प्रयोगांस वाहिलेला असे. १९१७ साली ती नोकरी सोडून त्यांनी कमी वेतनाचे प्राध्यापकपद पत्करले. व्यवहारी माणसास हा वेडेपणाच वाटावा!

१९२१ साली समुद्रप्रवासात भूमध्य सागराच्या निळाईने त्यांस मोहून टाकले. ती केवळ आकाशाचे प्रतिबिंब नव्हे, पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हे त्यांनी दाखविले. तोच धागा धरून २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, के. एस. कृष्णन यांच्या साहाय्याने, त्यांनी मोठा शोध लावला. एकरंगी प्रकाश विखुरताना त्याच्या अत्यल्प अंशाचा रंग बदलतो, आणि हा बदल प्रत्येक पदार्थागणिक निराळा असतो. १९३० साली त्यांस नोबेल पारितोषिक लाभले. २१ नोव्हेंबर १९७० रोजी ते बंगळूर येथे निवर्तले.

आज खपलीवर लेसरचा किरण टाकला की, डोळ्यांस एकसारखे दिसणारे दोन तांबडे रंग एकाच रंगद्रव्याचे आहेत की भिन्न, हे ती न मोडता कळू शकते. जुळले, तरी तेवढ्याने गुन्हा सिद्ध होत नाही, कारण त्या रंगाची वाहने अनेक असतात. न जुळले, तर मात्र एखाद्या निरपराध चालकावरील संशय दूर होण्यास मोठे साहाय्य होते.