बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिले ते ड्यू बॉइस

डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस (1868–1963) हे हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. आपल्याकडच्या समाजशास्त्राच्या वर्गात ते क्वचितच भेटतात.

1945 मध्ये संयुक्त राष्ट्रांची सनद घडताना ते सॅन फ्रान्सिस्कोत होते. वसाहतींतल्या कोट्यवधी लोकांना तिथे आवाजच नाही, हे त्यांनी तेव्हाच ठणकावले. 1946 मध्ये बाबासाहेबांनी त्यांच्याकडे कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाच्या प्रती मागितल्या. अस्पृश्यांसाठीही तोच मार्ग चाचपायचा होता. उत्तर आले, सहानुभूतीचे.

1947 मध्ये ड्यू बॉइस यांच्या संपादनाखालील अर्ज दाखल झाला. पण तिथे बसतात सरकारे, पीडित नव्हेत! तक्रारींवर कारवाईचा अधिकार आपल्याला नाही, असे मानवी हक्क आयोगाने आधीच ठरवले होते. अमेरिकेच्या विरोधामुळे चौकशी झालीच नाही. पुढे सरकारने त्यांचा पासपोर्टही काही वर्षे रोखला. 27 ऑगस्ट 1963 रोजी घानातील अक्रा येथे त्यांचे निधन झाले.