तीन हजार रूबलांचे ऋण

फ्योदोर दोस्तोव्हस्की या थोर रशियन कादंबरीकाराच्या आयुष्यातील कितीतरी वर्षे कर्जफेडीत गेली. ‘करमाझोव्ह बंधू’ या त्याच्या अखेरच्या कादंबरीचे मर्म जाणताना ही गोष्ट दृष्टीआड करून चालणार नाही.

मॉस्कोतील गरिबांच्या एका इस्पितळातील डॉक्टराच्या पोटी १८२१ साली तो जन्मला. राजद्रोहाच्या आरोपावरून १८४९ मध्ये त्याला देहान्ताची शिक्षा झाली. वधस्थानी नेल्यावर ती रद्द होऊन ओम्स्क येथील ४ वर्षांची सक्तमजुरी नशिबी आली. त्यानंतर सक्तीची लष्करी सेवा करून १८५९ च्या अखेरीस तो पीटर्सबर्गला परतला.

१८६४ मध्ये पत्नी आणि ज्येष्ठ बंधू मिखाईल निवर्तले. भावाच्या मासिकाचे देणे त्याने आपल्या शिरावर घेतले. पुढल्याच वर्षी ३,००० रूबलांसाठी त्याने स्तेलोव्हस्की या प्रकाशकाशी जाचक करार केला. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी न दिल्यास ९ वर्षे त्याचे लेखन फुकट छापण्याचा हक्क प्रकाशकाला मिळणार होता! आन्ना या लघुलेखिकेला मजकूर सांगून त्याने २६ दिवसांत ‘जुगारी’ पुरी केली. पुढे आन्ना त्याची पत्नी झाली. त्याचे स्वतःचे जुगाराचे व्यसन मात्र १८७१ मध्ये सुटले. १८७३ पासून आन्नाने पुस्तकांचे प्रकाशन हाती घेतले आणि संसार सावरत गेला.

मे १८७८ मध्ये मात्र धाकटा मुलगा अल्योशा अपस्माराने दगावला. त्याला पुरती तीन वर्षेही झाली नव्हती. विकार पित्याचाच होता. शोकमग्न दोस्तोव्हस्की ऑप्टिना मठात जाऊन आला. कादंबरीतील सर्वांत निर्मळ भावाला त्याने त्याच मुलाचे नाव दिले.

या कादंबरीतही पिता-पुत्रांचा तंटा ३,००० रूबलांवरूनच पेटतो. पित्याचा खून नोकर करतो. न्यायालय थोरल्या दिमित्रीला दोषी ठरवते. परंतु पित्याचे मरण मनोमन इच्छिणारा दिमित्री आणि आपल्या विचारांनी नोकराला धीर देणारा इव्हान यांना स्वतःची सदसद्विवेकबुद्धी निर्दोष सोडत नाही. रकमेचा हिशेब लागतो, पापातील वाटा मात्र प्रत्येकाला स्वतःच मोजावा लागतो.

कादंबरी नोव्हेंबर १८८० मध्ये पूर्ण झाली. फेब्रुवारी १८८१ मध्ये लेखक निवर्तला. सावकारांचे देणे त्यापूर्वी जेमतेम वर्षभर आधी फिटले होते. माणसाचे माणसाशी असलेले ऋण तसे फिटत नाही, हे त्याने या कादंबरीत मांडून ठेवले.