आन्तोन्यो दे तोर्रेस : एका वाद्यकाराचे चरित्र

आज मैफलीत वाजविल्या जाणाऱ्या स्पॅनिश गिटारीचे रूप ज्यांच्या हातून निश्चित झाले, त्या आन्तोन्यो दे तोर्रेस हुरादो यांचा जन्म १८१७ साली दक्षिण स्पेनमधील आल्मेरिया शहरालगतच्या ला कान्यादा या गावी झाला. वडील करवसुलीच्या कामावर होते. बाराव्या वर्षी मुलगा सुतारकामाच्या उमेदवारीस लागला. १८३३ मध्ये राजगादीच्या वारशावरून स्पेनमध्ये यादवी पेटली. सक्तीच्या सैन्यभरतीतून सुटका व्हावी म्हणून घरच्यांनी १८३५ मध्ये त्यांचा विवाह उरकून घेतला. संसार सुखाचा झाला नाही. तीन अपत्यांपैकी दोन दगावली आणि १८४५ मध्ये पत्नीही क्षयाने वारली. पुढे ते सेव्हिलला गेले.

तेथे प्रारंभी सुतारकी हाच त्यांचा चरितार्थ होता. वादक हूल्यान आर्कास यांच्या आग्रहामुळे ते १८५० नंतरच्या दशकात वाद्यनिर्मितीकडे पूर्णपणे वळले आणि १८५८ च्या सेव्हिल येथील प्रदर्शनात त्यांना पदक मिळाले.

तोर्रेस यांनी नवे काय केले, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. गिटारीचा नाद मुख्यतः तिच्या वरच्या फळीतून उमटतो. ही फळी जाड ठेवली तर नाद कोंडतो. पातळ केली तर तारांच्या ताणाने ती खचते. म्हणून तिच्या आतल्या बाजूस पंख्याच्या काड्यांप्रमाणे लाकडी पट्ट्या चिकटविण्याची रीत कादिझच्या कारागिरांनी आधीच रूढ केली होती. तोर्रेस यांनी वाद्याचा देह मोठा केला, फळी अधिक पातळ करून तिला किंचित बाक दिला, पट्ट्या बहुधा सात ठेवल्या आणि तारेची लांबी सुमारे ६५ सेंटिमीटर राखली. यांतले एकेक अंग पूर्वीही आढळते. त्यांचा परस्परमेळ मात्र तोर्रेस यांचा होय. वरची फळीच निर्णायक आहे हे दाखविण्यासाठी त्यांनी १८६२ मध्ये पाठ व बाजू चक्क पुठ्ठ्याच्या असलेली गिटार घडविली. ती बार्सेलोनाच्या संगीत-संग्रहालयात जतन केलेली आहे.

१८६९ मध्ये तरुण फ्रान्सिस्को तार्रेगा त्यांच्याकडे आला. त्याचे वादन ऐकल्यावर तोर्रेस यांनी १८६४ मध्ये घडविलेली आपली एक उत्तम गिटार त्याला दिली, असे सांगतात. पुढे तार्रेगाच्या वादनाने या रचनेची कीर्ती दूरवर पोहोचविली. परंतु कीर्तीने घर चालले नाही. त्याच सुमारास तोर्रेस यांनी वाद्यनिर्मिती सोडली, ते आल्मेरियास परतले आणि तेथे त्यांनी चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान थाटले. १८७५ च्या सुमारास त्यांनी हत्यारे पुन्हा हाती घेतली. त्यानंतरच्या गिटारींवरील चिठ्ठ्यांत हा आपला दुसरा कालखंड असल्याची नोंद ते करीत.

वृद्धापकाळी त्यांना साहाय्य करणाऱ्या एका धर्मगुरूने पुढे अशी आठवण सांगितली, की कलेचे रहस्य आपल्याबरोबरच लोपू नये म्हणून कोणी विनविले असता तोर्रेस यांनी अंगठा व तर्जनी एकमेकांवर घासून दाखविली. फळीची योग्य जाडी बोटांच्या टोकांना कळते आणि ती जाण इच्छा असूनही दुसऱ्यास देता येत नाही, असा त्यांचा आशय होता. १९ नोव्हेंबर १८९२ रोजी ते निवर्तले.

त्यांच्या वाद्यांची मापे पुढील वाद्यकारांनी बारकाईने घेतली आणि त्या मापांवरूनच आजची परंपरा उभी राहिली. परंपरेत रचना संक्रमित होते. रचनेमागचा विवेक प्रत्येकाला नव्याने कमवावा लागतो. साहित्याच्या अभ्यासकालाही हा अनुभव परका नाही.