बॉयलरची भेग आणि पोराची किडनी

पोटावर गार जेल लागलं की लहान पोरं खुदकन हसतात. किडनी आणि मूत्रवाहिनी जिथे जुळतात तिथे काहींना जन्मतःच अडथळा असतो. लघवी तुंबते, किडनीला सूज येते. मग पायलोप्लास्टीचं ऑपरेशन होतं आणि नंतर ठरावीक दिवसांनी सोनोग्राफी. आपल्या नागपुरातही हे रोजचंच. सुई नाही, एक्स-रे नाही. ही सोय आपल्यापर्यंत आली, त्यामागे एक हट्टी डॉक्टर आहे: इयन डोनाल्ड.

जन्म १९१० चा, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा. शिक्षण काही दक्षिण आफ्रिकेत, डॉक्टरकी लंडनला. दुसऱ्या महायुद्धात तो हवाई दलात डॉक्टर होता. जळत्या विमानात शिरून त्याने माणसं बाहेर काढली, त्याबद्दल सन्मानही मिळाला. रडार आणि सोनारची ओळख झाली तीही तिथेच.

१९५४ मध्ये तो ग्लासगोला प्रसूतिशास्त्राचा प्रोफेसर झाला. जवळच रेनफ्रूला बॉयलरचा कारखाना होता. धातूतली भेग शोधायला तिथे ध्वनिलहरी वापरत. जे लोखंडात दिसतं, ते पोटात का नाही दिसणार? २१ जुलै १९५५ ला हा बाबा ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी गाडीच्या डिकीत घालून थेट कारखान्यात! पाण्याने भरलेल्या गाठीचा आणि भरीव गाठीचा प्रतिध्वनी चक्क वेगळा निघाला.

पुढे टॉम ब्राऊन हा तरुण इंजिनिअर आणि जॉन मॅकव्हिकर हा डॉक्टर सोबतीला आले. सुरुवातीला फारसं कुणी मनावर घेतलं नाही. मग एक बाई आली. पोटाचा कॅन्सर, आता इलाज नाही, असं तिला सांगून झालं होतं. यंत्रावर दिसली पाण्याची मोठी गाठ. ती काढली, बाई वाचली. १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा शोधनिबंध आला आणि डॉक्टरांचा सूर बदलला. डोनाल्डचं स्वतःचं हृदय अधू होतं, मोठी ऑपरेशन्स झाली. तरी तो थांबला नाही. १९८७ मध्ये तो गेला.

पाणी आणि भरीव यातला तोच फरक आज पोराच्या किडनीत बघतात. तुंबलेली लघवी पडद्यावर काळी दिसते, तिची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजतात. ऑपरेशननंतर सूज लगेच उतरत नाही, महिने लागतात. थोडी कायमही राहते. ती वाढली, तर मात्र धोका. किडनी काम किती करते, हे सोनोग्राफी सांगत नाही. त्यासाठी रीनल स्कॅन लागतो.

गंमत म्हणजे नळी पुन्हा तुंबली तरी दुखेलच असं नाही. पोरगं मजेत खेळतं, घरचे तारीख विसरतात आणि किडनी गुपचूप खराब होत जाते. तुमच्या घरात, शेजारी असं पोर असेल तर एवढं करा: पुढची तारीख मोबाईलमध्ये टाका आणि जुना रिपोर्ट सोबत न्या. मागचा आकडा असेल, तरच आजच्या आकड्याला अर्थ.