सरहद्द ओलांडणारा आवाज : अतिया हुसेन

फाळणीने जमिनीवर सरहद्द आखली, रेडिओच्या लहरींना मात्र ती अडवता आली नाही. १९५० च्या दशकात लंडनच्या बीबीसीवरून अस्सल लखनवी उर्दूत बोलणारा एक स्त्रीस्वर भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांत ऐकला जाई. तो स्वर अतिया हुसेन यांचा. श्रोत्यांना त्या निवेदिका आणि नभोनाट्यांतील अभिनेत्री म्हणून परिचित होत्या. साहित्याच्या इतिहासात त्यांची नोंद झाली ती मात्र एकाच इंग्रजी कादंबरीमुळे.

अतिया यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१३ रोजी लखनौत, अवधमधील एका तालुकदार घराण्यात झाला. वडील शाहिद हुसेन किदवाई केंब्रिजला शिकलेले, तर आई काकोरीच्या विद्याव्यासंगी घराण्यातील. अतिया अवघ्या ११ वर्षांच्या असताना वडिलांचे छत्र हरपले आणि कुटुंबाची जबाबदारी आईवर येऊन पडली. घरात पडदा, रीतिरिवाज आणि उर्दू-फारसीची तालीम, तर घराबाहेर ला मार्टिनियर शाळा आणि इझाबेला थॉबर्न महाविद्यालयातील इंग्रजी शिक्षण, अशा दुहेरी संस्कारांत त्या वाढल्या. १९३३ मध्ये त्या पदवीधर झाल्या. अवधच्या तालुकदार घराण्यांतून पदवी मिळवणारी ही पहिली स्त्री होय.

त्याच वर्षी सरोजिनी नायडू यांच्या प्रोत्साहनाने त्या कलकत्त्याच्या अखिल भारतीय महिला परिषदेला गेल्या. सज्जाद झहीर, मुल्कराज आनंद, अहमद अली या पुरोगामी लेखकांच्या वर्तुळाशी त्यांचा संबंध आला आणि 'पायोनियर', 'स्टेट्समन' या वृत्तपत्रांतून त्यांचे लेखन प्रसिद्ध होऊ लागले. ज्या सरंजामी व्यवस्थेत आपण वाढलो तिचे ऋण आणि तिच्यातील अन्याय यांची एकाच वेळी जाणीव त्यांना याच काळात झाली. नात्यातील अली बहादूर हबीबुल्ला यांच्याशी त्यांनी विवाह केला, तोही आईच्या इच्छेविरुद्ध.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर पतीच्या सरकारी नेमणुकीमुळे हे कुटुंब इंग्लंडला गेले. लवकरच देशाची फाळणी झाली आणि आप्तस्वकीय दोन देशांत विखुरले. धर्माच्या आधारावर झालेली ही विभागणी अतिया यांना कधीच मान्य झाली नाही. पाकिस्तान त्यांनी स्वीकारला नाही आणि ज्या भारतात त्या जन्मल्या, तो आता तसा राहिला नव्हता. पती मायदेशी परतले. अतिया मात्र दोन मुलांसह लंडनमध्येच राहिल्या. तालुकदाराच्या लेकीला आता स्वतःच्या कमाईवर संसार उभा करायचा होता.

त्यासाठी उपयोगी पडली ती त्यांची वाणी. बीबीसीच्या पूर्व विभागात त्या स्त्रियांसाठी कार्यक्रम सादर करू लागल्या आणि नभोनाट्यांतून भूमिकाही करू लागल्या. नभोनाट्यात वेशभूषा नसते की नेपथ्य नसते. पात्राचे वय, घराणे, राग, लोभ सारे काही आवाजातूनच उभे करावे लागते. लहानपणी ऐकलेली उर्दू, तिचे आर्जव आणि अदब हेच येथे त्यांचे भांडवल ठरले. १९६१ मध्ये पीटर मेन यांच्या 'द बर्ड ऑफ टाइम' या नाटकातून त्या लंडनच्या वेस्ट एंड रंगभूमीवरही उतरल्या.

लेखन याच धावपळीत चालू होते. १९५३ मध्ये 'फिनिक्स फ्लेड' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील शीर्षककथा दंगलीच्या भीतीने सारे गाव पळून जात असताना घर न सोडणाऱ्या एका वृद्धेची आहे. त्यानंतर १९६१ मध्ये 'सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम' ही कादंबरी आली.

पितृछत्र हरपलेली, शिकलेली लैला या कादंबरीची निवेदिका आहे. लखनौतील 'आशियाना' या वडिलोपार्जित वाड्यात आजोबा, कडक शिस्तीची पण मायाळू आबिदा फुफी, इंग्रजी वळणाचे काका आणि नोकरचाकर यांच्यामध्ये ती वाढते. घराण्याचा विरोध पत्करून ती अमीर या सामान्य परिस्थितीतील तरुणाशी लग्न करते. पुढे फाळणी होते. एक चुलतभाऊ पाकिस्तानात जातो, दुसरा भारतातच राहतो. देश सोडून गेलेल्याच्या वाट्यावर निष्क्रांतांची मालमत्ता म्हणून सरकारचा हक्क लागतो आणि जमीनदारी निर्मूलनाने उरलेला डोलाराही ढासळतो. परक्यांच्या ताब्यात गेलेल्या त्या वाड्यात लैला अखेरची फिरून येते.

फाळणीवरील बहुतेक साहित्य पंजाबातील कत्तलींभोवती फिरते. अतिया यांनी रक्तपात जवळजवळ न दाखवता एका कुटुंबाची झालेली शकले दाखवली. भारतातच राहिलेल्या मुसलमानांची कोंडी, जमीनदारीचा अस्त आणि स्त्रीचे स्वातंत्र्य हे तिन्ही धागे त्यात एकत्र विणले आहेत. गेलेल्या जगाविषयी हळहळ असली, तरी त्या जगात भरडल्या गेलेल्या दासी आणि मुली यांचा लेखिकेला विसर पडलेला नाही.

या कादंबरीनंतर त्यांची दुसरी कादंबरी मात्र प्रसिद्ध झाली नाही. १९६२ मध्ये सीता पसरिचा यांच्यासह लिहिलेले भारतीय पाककृतींचे पुस्तक तेवढे आले. पुत्र वारिस हुसेन हे बीबीसी दूरचित्रवाणीचे दिग्दर्शक झाले. १९६३ मध्ये सुरू झालेल्या 'डॉक्टर हू' या गाजलेल्या मालिकेचे पहिले कथानक त्यांनीच दिग्दर्शित केले.

विस्मृतीत गेलेली ही कादंबरी १९८८ मध्ये लंडनच्या विरागो या स्त्रीवादी प्रकाशनसंस्थेने अनिता देसाई यांच्या प्रस्तावनेसह पुन्हा प्रकाशित केली आणि वयाच्या पंचाहत्तरीत अतिया यांना नवा वाचक मिळाला. जानेवारी १९९८ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. इंग्लंडमधील स्थलांतरितांवरील त्यांच्या अपूर्ण कादंबरीचा भाग २०१३ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 'डिस्टंट ट्रॅव्हलर' या संग्रहातून वाचकांसमोर आला.

रेडिओवरचा आवाज हवेत विरून जातो. ज्या उर्दूने अतिया हुसेन यांना परदेशी उभे केले, ती दोन्ही देशांतील श्रोत्यांच्या कानांपुरतीच राहिली. पण मनातले घर त्यांनी इंग्रजीत जपून ठेवले, म्हणूनच 'आशियाना'चा दरवाजा आजही वाचकाला उघडा सापडतो.