समजून घ्या : 'सुमो'च्या नावामागचा माणूस आणि पिंपरी-चिंचवडची घडण

'सुमो' हे नाव जपानी कुस्तीवरून आलं, असं अनेकांना आजही वाटतं. प्रत्यक्षात ते सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या पहिल्या दोन-दोन अक्षरांवरून आलं. १९९४ मध्ये गाडी बाजारात आली, तेव्हा त्यांना जाऊन पाच वर्षं झाली होती. ढाब्यावर ट्रकचालकांसोबत जेवणारा मोठा साहेब, हा त्यांचा किस्सा मोबाइलवर फिरत असतो. पण त्यांचं खरं काम पिंपरी-चिंचवडमध्ये आहे. वेल्हे, भोरसारख्या डोंगरी तालुक्यांतून तिथं नोकरी शोधणाऱ्यांशी त्याचा थेट संबंध आहे.

कोण होते मुळगावकर?

जन्म ५ मार्च १९०६, मुंबई. लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजात इंजिनीअरिंग शिकून ते सिमेंट उद्योगात आले. १९४९ मध्ये ते टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये दाखल झाले. कंपनी तेव्हा जमशेदपूरला रेल्वे इंजिनं बनवत होती. १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झशी १५ वर्षांचा करार झाला आणि ट्रक सुरू झाले. १९६९ मध्ये करार संपणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. पुढची गाडी आपली आपल्यालाच बनवावी लागणार होती.

पुण्यात काय वेगळं केलं?

पिंपरीत १९५४ पासून हिंदुस्थान अँटिबायोटिक्स होती. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि कारखान्यांसाठी जमिनी मिळू लागल्या. टेल्कोचं इथलं काम १९६६ मध्ये सुरू झालं. इथून पहिलं व्यावसायिक वाहन मात्र बाहेर पडलं १९७७ मध्ये!

मधली ११ वर्षं वाया गेली नाहीत. आधी शिकाऊ कामगारांचं प्रशिक्षण आणि मशीन टूल विभाग उभा राहिला. कारण साधं आहे. गाडीचा पत्रा ज्या साच्यात दाबून आकाराला येतो ती 'डाय', किंवा सुटा भाग पक्का धरून ठेवणारं 'फिक्श्चर' स्वतःला बनवता आलं नाही, तर नव्या मॉडेलसाठी दर वेळी परदेशापुढे हात पसरावा लागतो. त्या काळात परकीय चलनही दुर्मिळ होतं. आधी हात तयार करायचे, मग यंत्रं, मग गाडी, असा हा क्रम होता. उजाड माळावर तळं खोदलं, हजारो झाडं लावली, तेही याच काळात.

या धीराचं फळ १९८६ मध्ये दिसलं. जपानी कंपन्यांशी हातमिळवणी केलेले चार स्पर्धक हलक्या ट्रकच्या बाजारात उतरले होते. टेल्कोनं स्वतःच्या बळावर '४०७' आणली आणि ती टिकली.

शहराचं काय झालं?

४ मार्च १९७० ला नगरपालिका आणि ११ ऑक्टोबर १९८२ ला महापालिका झाली. १९७१ च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेली वस्ती २०११ मध्ये सव्वासतरा लाखांवर गेली. टेल्को, बजाजला सुटे भाग पुरवणारे वर्कशॉप भोसरीत गल्लोगल्ली निघाले. जकातीनं पालिकेची तिजोरी भरली.

मुळगावकरांचं निधन १ जुलै १९८९ ला झालं. तीनच महिन्यांत, सप्टेंबरमध्ये, टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले आणि पोलिसांनी पहाटे कारवाई करून त्यांना उचललं. हात घडवणाऱ्या कारखान्यात हे घडावं, ही बाजू त्यांच्या गौरवलेखांत सहसा येत नाही. २०००-०१ मध्ये कंपनीला सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला, तेव्हा भोसरीच्या वर्कशॉपनाही झळ बसली. शहराचं पोट एकाच धंद्यावर असल्याची ती किंमत होती. जकात २०१३ मध्ये गेली.

वेल्ह्याला यातून काय?

पानशेत आणि वरसगाव ही धरणं वेल्ह्यातली, पाणी मात्र पुण्याला. भाताच्या एका पिकावर घर चालत नाही, म्हणून आयटीआयचा दाखला घेऊन पिंपरीचं गेट गाठायचं, ही इथली जुनी वाट. आता मोठे कारखाने चाकणला गेले आहेत आणि कायम नोकरीऐवजी कंत्राटी भरती जास्त होते. चाकण काही वेल्ह्याहून रोज ये-जा करण्याच्या अंतरावर नाही. तिथं खोली घ्यावी लागते आणि पगार हातात आला की पहिला हिशेब त्या भाड्याचा होतो.